गोठ्याचं कुलूप

पाहुणे रविवारी सकाळी येणार होते. शनिवारी दुपारी, जेवण अर्ध्यावर आलेलं असताना, चंद्राबाईंना म्हसवडचं बोलावणं आलं. सिद्धनाथाकडून नव्हे, नानासोंकडून.

"आक्का," भाकरी मोडता मोडता नानासो म्हणाले, "लय दिस झालं, सिद्धनाथाचं दर्शन न्हाई झालं तुजं."

"गेल्या म्हैन्यात झालंय. तूच एस्टीत बशीवलंस."

"व्हय, पर गर्दीत दर्शन ते काय दर्शन?"

नानासोंचा डावा कान लाल झाला. खोटं बोलताना तो लहानपणापासून लाल होत असे. सव्वीस वर्षं फौजेत काढून, सुभेदार होऊन ते आष्ट्याला परत आले, तरी कानाला शिस्त लागली नव्हती.

चंद्राबाईंनी आमटीत भाकरी कुस्करली. गेल्या महिन्यात त्या म्हसवडला गेल्या त्या दिवशी तासगावचे पाहुणे घर बघून गेले होते. त्याच्या आधी कऱ्हाडचे आले, त्या दिवशी त्यांना सांगलीच्या गणपतीचं दर्शन घडलं होतं. दोन्ही वेळा देव भेटला आणि दोन्ही वेळा नानासोंच्या आकारामचं स्थळ मोडलं. कऱ्हाडकरांना शेजाऱ्यांनी सांगितलं. तासगावकरांनी भिंतीवरचा फोटो ओळखला. आता फोटो धान्याच्या कणगीमागं तोंड करून बसला होता, शेजाऱ्यांना चहा पाजून झाला होता, आणि उद्या मुलीचे वडील, फलटणचे लालासाहेब, येणार होते. आकारामच्या रजेचे अकरा दिवस उरले होते. ह्या खेपेला जमलं नाही तर तो झाशीला पलटणीत परत जाणार आणि मग वर्षभर बोलणंच नको.

आत्या सिनेमात आहे म्हणून कुणाची हरकत असती, तर नानासोंना ती समजली असती. तशी माणसं असतात. पण हरकत निराळीच होती. लोक म्हणत होते, सिनेमाचं काय एवढं नाही, पण त्या बाईच्या हाताखाली पोरगी कोण देईल?

"मी म्हसवडला जात न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "आकारामचं जमताना मी हितं पायजे."

"आक्का, पर..."

"फुडं येत न्हाई. पर घरात ऱ्हाते."

बनुबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली आणि नणंदेकडं न बघता म्हणाल्या, "वन्सं, मग तुमी सैपाकघरात ऱ्हावा की. कुनी इचारलं तर सैपाकीन हाय म्हनायचं. पाव्हन्यास्नी आत कशाला यायचंय?"

नानासोंनी पाणी प्यायलं. ही कल्पना आपल्याला सुचली नव्हती ह्याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

चंद्राबाईंनी ताट बाजूला सारलं.

"कुठल्या गावची?" त्यांनी विचारलं.

"कोन?"

"सैपाकीन. गाव कुठलं तिचं? नवरा हाय का मेलाय? किती वर्सं कामाला हाय तुमच्यात?"

नानासो आणि बनुबाई एकमेकांकडं बघू लागले. त्यांनी ह्या बाईचा एवढा विचार केला नव्हता.

"जतची," चंद्राबाईंनीच ठरवलं. "नवरा मेंढरं घिऊन गेला तो परत आला न्हाई. कामाला सात वर्सं. बोलती कमी." आणि त्या हात धुवायला उठल्या.

भूमिका लहान की मोठी, हे त्यांनी उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. त्या माणसाला गाव आहे का, एवढंच विचारायच्या.

*

चौदाव्या वर्षी सांगलीच्या नाटक कंपनीत त्या गेल्या तेव्हा मालकांनी त्यांचं नाव चारुशीला ठेवलं. हे नाव त्यांनी पुढच्या नायिकेसाठी राखून ठेवलं होतं. चारुशीलेनं पाच वर्षं नायिकेच्या मागं चवरी ढाळली. मग जतच्या मुक्कामात आईचं काम करणारे गृहस्थ हिवतापानं आडवे झाले, आणि मालकांनी तिच्या केसांना तांदळाची पिठी फासून तिला उभं केलं. जतला निम्मे प्रेक्षक कानडी. शब्द कळत नसताना ते रडले. मालकांनी पडद्याआडून ते पाहिलं आणि त्याच रात्री चारुशीलेचं भवितव्य ठरलं. एकोणिसाव्या वर्षी ती म्हातारी झाली, आणि पुढं चाळीस वर्षं म्हातारीच राहिली.

तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे नायक तिच्या मांडीवर डोकं ठेवून "आई!" म्हणून रडले. कंपनी बुडाली, ती कोल्हापूरला स्टुडिओत गेली, तिथंही केसांना पिठी लागलीच. आधी ती नायकाची आई होती, मग नायिकेची सासू झाली, आणि सासू झाल्यावर मात्र महाराष्ट्रात तिचं नाव झालं. तिची एक लकब होती. काहीही वाईट करण्याआधी ती पदर कमरेला खोचायची. सावकाश, दोन बोटांनी, समोरच बघत. ती लकब काही दिग्दर्शकानं शिकवली नव्हती. जड भांडं उचलण्याआधी तिची आई पदर खोचायची, तेवढंच ते होतं. पण सिनेमाच्या तंबूत बायकांना ते कळलं होतं. पदर खोचला की "खोचला गं बाई, आता बघा!" असा गलका उठायचा.

नायिकांना हार मिळत. चारुशीलेला वहाणा मिळाल्या. ‘रुसली तुळस’ हा चित्रपट साठ साली म्हसवडच्या जत्रेत लागला, तेव्हा तंबूवाला अर्जुना रोज खेळ संपल्यावर पडद्याखालच्या वहाणा गोळा करायचा. जत्रा संपल्यावर त्यातली एक तो कोल्हापूरला घेऊन आला. पुरुषी, उजव्या पायाची, टाचेला नाल मारलेली. "बाई, पडदा फाटला बगा हिनं," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय कुनाला द्यायची?" ती वहाण चंद्राबाईंच्या ट्रंकेत होती. ट्रंकेत दुसरं बक्षीस नव्हतं.

आणि गेल्या वर्षी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका नव्या दिग्दर्शकानं त्यांना सांगितलं, "बाई, तुमच्यात म्हातारपण थोडं कमी वाटतंय हो." मग त्यानं एका तिशीतल्या बाईच्या केसांना पिठी फासली. चंद्राबाई ट्रंक घेऊन आष्ट्याला भावाकडं आल्या.

नानासोंनी बहिणीला आनंदानं ठेवून घेतलं, यात खोटं नव्हतं. फक्त आपण आक्काचा एकही पिक्चर बघितला नाही, हे ते चारचौघांत अशा थाटात सांगत, जसं दुसरे लोक आपण दारूला शिवलो नाही असं सांगतात.

*

रविवारी सकाळी आकाराम सांगलीहून पेढे घेऊन आला, तेव्हा आत्ती चुलीपुढं पुरण वाटत बसली होती. अंगावर बनुबाईंचं जुनं लुगडं, कपाळ मोकळं, पाठ थोडी वाकलेली.

"आत्ती, ह्ये काय?"

"आत्ती म्हनायचं न्हाई आज."

"मग काय म्हनू?"

"सैपाकिनीला काय म्हंत्यात? ‘मावशी, पानी आना’ म्हन."

आकारामनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. शाळेची दहा वर्षं तो कोल्हापुरात ह्या बाईजवळ वाढला होता. सकाळी ती त्याला शेंडी बांधून शाळेत पाठवायची आणि दुपारी स्टुडिओत जाऊन कुणाच्या तरी सुनेला चटके द्यायची.

"आबाचं डोस्कं हाय ह्ये. मी सांगतो पाव्हन्यास्नी सरळ."

"आकाराम." पाट्यावरचा वरवंटा थांबला. "पोरगी आवडली हाय न्हवं तुला?"

आकाराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. फौजेत नायकाचा हुद्दा मिळाला होता, पण त्या प्रश्नाला फौजेत उत्तर शिकवत नाहीत.

"शालन नाव हाय तिचं," तो म्हणाला. "सातवीपतोर शिकल्या. हसती लय."

"मग गप बस. जमूदे आधी. माजं काय, मी सात वर्सं हाय हितं कामाला."

*

लालासाहेब जीपमधून उतरले. कारखान्याला ऊस घालणारा, धिप्पाड, मवाळ माणूस. मागून मध्यस्थ कोंडीबा उतरला, आणि त्याच्या हाताला धरून लालासाहेबांची आई, रंगुबाई. सत्तरीच्या पुढची, चणीनं बारीक, पण घरातला शेवटचा शब्द तिचा असतो हे लालासाहेब तिच्या मागून दोन पावलं चालत होते त्यावरूनच कळत होतं.

पुरुष ओसरीवर बसले. उसाचं टनेज, पाटाच्या पाण्याची पाळी, झाशीचं हवामान असं बोलणं सुरू झालं. रंगुबाई बसल्याच नाहीत. घर बघायला आलोय म्हटल्यावर त्या घर बघत होत्या. त्यांनी कणगीवर बोट फिरवून धूळ पाहिली. रांजणाचं पाणी हातावर घेऊन चाखलं. परड्यात जाऊन म्हशी मोजल्या आणि गोठ्याच्या दारापुढं थांबल्या. दाराला भलंमोठं पितळी कुलूप होतं.

"गोठ्याला कुलूप कशाला?"

"मालकांची सवय हाय," मागून आलेल्या बनुबाई म्हणाल्या. "फौजेत समद्याला कुलूप लावत्यात. चारा चोरीला जातोय म्हंत्यात."

रंगुबाई कुलपाकडं बराच वेळ बघत राहिल्या. एकदा त्यांनी ते ओढूनही पाहिलं. मग कुणी थांबवायच्या आत, मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

चंद्राबाईंनी मान वर केली नाही. जतच्या बाईनं केली नसती. पोळी लाटत "या" एवढंच पुटपुटल्या.

"सैपाकीन व्हय?"

"हूं."

"कुठली?"

"जतची."

"मालक?"

"मेंढरं घिऊन गेलं." लाटणं जरा थांबलं. "आलं न्हाईत."

रंगुबाई हळहळल्या. पाट ओढून बसल्या, आणि आपल्या घरातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगू लागल्या. सगळं छान चाललं होतं. बनुबाई दारात उभ्या राहून मनातल्या मनात आपल्या कल्पनेचं कौतुक करत होत्या. तेवढ्यात चुलीवरची कटाची आमटी उतू आली. पातेलं मोठं, काठोकाठ भरलेलं. चंद्राबाई उठल्या, आणि उठता उठता त्यांच्या हातानं चाळीस वर्षं केलं तेच केलं. दोन बोटांनी पदर घेतला आणि सावकाश कमरेला खोचला. नजर समोर.

रंगुबाईंची गोष्ट मेंढराच्या मध्यावर तुटली.

"तू!"

पातेलं खाली उतरलं. आमटीचा एक थेंबही सांडला नाही.

"तूच ती! लाला! आरं लाला, हिकडं ये! त्या तुळशीतली सासू हाय ही! त्या पोरीला गोठ्यात कोंडणारी!"

ओसरीवरचे सगळे दारात आले. पुढं लालासाहेब, त्यांच्या खांद्यावरून कोंडीबा, मागं आकाराम, आणि सगळ्यांत मागं, जणू पुढं जायला जागाच नसल्यासारखे, नानासो.

"आई, काय बोलताय?" लालासाहेब म्हणाले. "ही सैपाकीन हाय त्येंची."

"व्हय व्हय," नानासो मागून म्हणाले. "सैपाकीन. तसली दिसती खरी. लय जन म्हंत्यात." त्यांचा कान जास्वंदीसारखा झाला होता. पण कान बघायला कुणाला सवड नव्हती.

"आवं, आजी," कोंडीबानं समजूत घातली, "आन ती असली तरी ते नाटक असतंय. खोटं असतंय समदं."

"मला शिकवू नगंस. नाटक असतंय ते मलाबी कळतं." रंगुबाई गर्रकन वळल्या. "पर त्या पोरीच्या फुडनं भाकरी लाथाडली ती खरी भाकरी व्हती का न्हाई? सांग की. भाकरी तर खरी व्हती?"

भाकरी खरी होती. अकरा वेळा लाथाडावी लागली, आणि अकराही भाकऱ्या नंतर स्टुडिओतल्या दिवेवाल्यांनी खाल्ल्या. चंद्राबाई हे सांगणार नव्हत्या. जतच्या बाईला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"पोटुशी पोर," रंगुबाई कोंडीबाला सोडून त्यांच्याकडं आल्या. "तिला गोठ्यात घातलीस, भायेरनं कुलूप लावलंस, असंच पितळंचं, आन किल्ली कनवटीला लावून जेवाय बसलीस. दोन भाकरी खाल्ल्यास! मी मोजल्या. मग मला ऱ्हावलं न्हाई. काडली वहान आन दिली भिरकावून. तर त्या तंबूवाल्यानं मलाच धरून भायेर काडलं! एका पायानं घरी गेले मी म्हसवडातनं."

"आई, झालं आता," लालासाहेब म्हणाले. "नानासो, राग मानू नगासा. म्हाताऱ्या मानसाचं..."

"थांब रं." रंगुबाईंचा आवाज एकदम खाली आला. त्या चंद्राबाईंच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. "चौदा वर्सं झाली. कुनाला इचारावं? आमच्यात कुनी त्यो पिक्चर बगितलाच न्हवता. सुनांस्नी इचारलं तर हसत्यात. मला एकच सांग. त्या पोरीचं फुडं काय झालं?"

आमटी अजून आतल्या आत रटरटत होती.

"आवं आजी," नानासो म्हणाले, "त्या सैपाकिनीला काय ठावं? ती कवा तंबूत..."

"मी तिला इचारते."

चंद्राबाईंनी आधी भावाकडं पाहिलं. त्यानं मान किंचित हलवली, नाही म्हणून. मग आकारामकडं पाहिलं. तो काहीच हलवत नव्हता. फक्त बघत होता. दहा वर्षांचा असताना, स्टुडिओच्या फाटकात तिची वाट बघत उभा असायचा, तसा.

"मला न्हाई ठावं" एवढं म्हटलं की झालं. तीन शब्द. त्यांनी आयुष्यात ह्याहून अवघड वाक्यं ह्याहून वाईट नाटकांत म्हटली होती. म्हातारी चुकली म्हणतील, पोळ्या वाढल्या जातील, सुपारी फुटेल. आकारामला हसणारी बायको मिळेल. आणि म्हातारी परत फलटणला जाईल. ती पोर गोठ्यात, कुलूप बाहेर, ह्या हिशेबानं जी काही वर्षं राहिली असतील ती काढेल.

खरं म्हणजे ती पोर मेली होती. तेराव्या रिळात, गोठ्यात, एकटी. नवरा येतो, दार फोडतो, तुळशीपुढचा दिवा विझतो, संपलं. पण पहिल्यांदा शेवट असा नव्हता. चित्रित झालं होतं ते निराळं. सासू उठते आणि कुलूप उघडते. तो प्रवेश चंद्राबाईंनी एका खेपेत दिला होता, आणि दिवेवाले दिवे बंद करायचं विसरले होते. पंधरा दिवसांनी दिग्दर्शक चिंतामणराव चष्मा पुसत म्हणाले, "बाई, लांबी फार होतेय. पश्चात्तापाला जागा उरली नाही." कापलेली फिल्म कुठं गेली कुणास ठाऊक. ती कुणी पाहिली नाही. जे रागानं वहाण फेकत ते आधीच बाहेर काढले जात, आणि जे शेवटपर्यंत बसत त्यांना ते दाखवलं नव्हतं.

"मी सैपाकीन न्हवं," चंद्राबाई म्हणाल्या. "मी आकारामची आत्ती हाय. आन ती सासू मीच. तुमची पोरगी द्यायची का न्हाई ते मागनं ठरवा. आधी त्या पोरीचं सांगते."

नानासोंनी डोळे मिटून घेतले.

चंद्राबाईंनी पहिल्यांदा पदर सोडला. कमरेचा खोचलेला पदर ओढून काढला आणि दोन्ही खांद्यांवरून घेतला. रंगुबाई एक पाऊल मागं सरल्या. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

मग त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी गेल्या. पाठ आणखी वाकली. कनवटीला हात गेला, किल्ली काढली. हातात किल्ली नव्हती, पण ती थरथरत होती आणि कुलपाला लागत नव्हती हे दारातल्या पाचही माणसांना दिसलं. एकदा निसटली. वाकून उचलली. पुन्हा लावली. कुलूप उघडलं तेव्हा त्यांनी ते टाकलं नाही, छातीशी धरलं.

"सूनबाई," त्या दाराशी म्हणाल्या. हा आवाज आष्ट्याचा नव्हता, जतचाही नव्हता. "दार उघडलंय गं. ये बाहेर. माझ्याकडे बघू नकोस, फक्त ये." त्या बाजूला सरल्या. कुणीतरी त्यांच्यासमोरून, भिंतीला धरत, बाहेर निघून गेलं. त्यांची नजर तिच्या पावलांमागून गेली. मग हातातलं कुलूप त्यांनी त्या गेलेल्या बाईकडे पुढं केलं. "हे घे. आता मी आत बसते."

आणि त्या चुलीशेजारी, भिंतीच्या काळ्या कोपऱ्यात, जमिनीवर बसल्या.

रंगुबाई रडत नव्हत्या. त्यांनी एक लांब श्वास सोडला, चौदा वर्षांचा.

"आली व्हय भायेर?"

"आली."

"बाळ?"

"बाळबी."

"आन तू?"

"मी बसले आत."

रंगुबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या बाईकडं पाहिलं. तिच्या अंगावरच्या विटक्या लुगड्याकडं, मोकळ्या कपाळाकडं. मग सावकाश मान वळवून दारातल्या गर्दीतून मागं लपलेले नानासो शोधून काढले.

"आन हितंबी तिला आतच बशीवली व्हय रं तुमी?"

फौजेत नानासोंवर गोळी झाडली गेली होती. ती चुकवता आली होती.

"कोन हाय म्हनला व्हतास ही? सैपाकीन?"

नानासोंनी मदतीला बायकोकडं पाहिलं. बनुबाई आधीच सरकून नणंदेच्या बाजूला गेल्या होत्या. "मी म्हनतच व्हते," त्या म्हणाल्या, "असं लपवू नगा म्हनून."

बायकोच्या ह्या कोलांटउडीनं नानासोंना वाटच उरली नाही.

"माजी थोरली भन हाय," ते म्हणाले. "चंद्राबाई. चारुशीला म्हंत्यात तीच." आणि मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "आकारामला तिनंच वाढीवलाय."

"कोंडीबा," रंगुबाईंनी हाक मारली, "कागुद काढ. यादी लिव्ह."

"मंजी पसंत हाय, आजी?" कोंडीबानं घाईघाईनं पेन शोधलं.

"पसंत हाय का न्हाई ते मागनं. आधी लिव्ह. गोठ्याला कुलूप नगं."

"आई, असलं यादीत लिवत न्हाईत," लालासाहेब म्हणाले. "यादीत साड्या, मानपान..."

"लिव्ह म्हनते."

कोंडीबानं लिहिलं. त्यानं आयुष्यात दीडशे लग्नं जमवली होती, पण लग्नाच्या यादीत कलम एक म्हणून ‘गोठ्यास कुलूप नसावे’ असं त्याच्या हातून पहिल्यांदाच उतरलं. कलम दोन, ‘नवरी उंबऱ्यातून घरात येताना मुलाची आत्या चंद्राबाई हिने पुढे उभे राहावे’. इथं बनुबाईंचा चेहरा जरा उतरला. कलम तीन रंगुबाईंनी थोडा विचार करून सांगितलं.

"सुनंफुडं पदर खोचायचा न्हाई."

"आन आमटीचं पातेलं कसं उतरायचं?" चंद्राबाईंनी कोपऱ्यातूनच विचारलं.

"शालन उतरंल. तिला जमतंय." रंगुबाई त्यांच्यापाशी वाकल्या, हात धरून त्यांना उठवलं, आणि हळूच विचारलं, "माजी वहान कुटं गावली का गं? डावी व्हती. कोल्हापुरी."

"न्हाई वो. माज्याजवळ एकच हाय. पर ती बाप्याची हाय."

"मंजी बाप्यांनीबी टाकल्या?" रंगुबाईंना थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पहिली त्यांचीच.

*

दुपारी चारला जीप गेली. आकारामनं पहिलं काम केलं ते म्हणजे गोठ्याचं कुलूप काढून आत्तीच्या मांडीत आणून टाकलं, आणि तो सांगलीला सोनाराकडं पळाला.

ओसरीवर नानासो, बनुबाई आणि चंद्राबाई उरले. बनुबाई सुपारी कातरत होत्या. नानासो खांबाला टेकून बसले होते.

"आक्का."

"काय?"

"त्या म्हातारीला तू सांगितलंस ते..." ते थांबले. "पिक्चरमदी तर ती पोरगी मरती की. गोठ्यातच. दिवा इझतोय तवा."

"तुला काय ठावं? तू कुठं बघतोस पिक्चर?"

"मी काय... लोक सांगत्यात."

"दिवा इझतो ते लोक सांगत्यात?"

कान लाल झाला. ह्या वेळी दोन्ही.

"तीन येळा बगितला," नानासो खाली बघून म्हणाले. "रजेवर आलो व्हतो तवा. म्हसवडच्या जत्रंत. म्हनलं आक्काचं काम हाय..."

बनुबाईंचा अडकित्ता थांबला.

चंद्राबाईंनी मांडीतलं कुलूप खाली ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांच्या घरातल्या कुणी त्यांचं काम बघितल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. विचारायचं काय, हेच त्यांना पटकन सुचेना. मग सुचलं.

"कसं झालं व्हतं काम?"

"कसं मंजी?" नानासो एकदम चिडले. "काय सांगू? सख्खी भन हाय हे ठावं आसून, डोस्क्यात गेलीस तू! ती किल्ली कनवटीला लावून जेवाय बसलीस तवा..."

"तवा काय?"

नानासो खांबाची ढलपी काढू लागले.

"नाना, तवा काय?"

"पहिल्या खेपंला," नानासो म्हणाले, "वहान टाकली."

"आवं!" बनुबाई म्हणाल्या. "जत्रंत कुत्र्यानं पळीवली म्हनला व्हता ती?"

चंद्राबाई उठल्या. आत गेल्या. ट्रंकेच्या कड्या वाजल्या, झाकण उघडल्याचा आवाज आला. ओसरीवर नानासोंनी नकळत आपला उजवा पाय धोतराखाली ओढून घेतला.

"नालाची व्हती का रं?" आतून आवाज आला.

"व्हय," नानासो म्हणाले.